खुनी अर्ध्यातच दाखवला तर सस्पेन्स मरतो का? 1958 चा एक विसरलेला स्विस सिनेमा आणि तुमची स्क्रिप्ट

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. तुम्ही सहा एपिसोडची सिरीज लिहिताय, गावात एका शाळकरी मुलीचा खून होतो, खुनी कोण ते तिसऱ्या एपिसोडमध्ये उघड होतं, आणि ज्यांना ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात की तिथून पुढे वाचावंसंच वाटत नाही. मग कोणीतरी तुम्हाला 'इट हॅपन्ड इन ब्रॉड डेलाइट' बघायला सांगितला, तुम्ही बघितला, तिथेही खुनी शेवटाच्या बराच आधी समोर येतो, तरी तुम्ही जागचे हलला नाहीत. तर त्यांचं चालतं मग माझं का नाही, हा पहिला प्रश्न. आणि शेवट सिनेमासारखा ठेवू की त्याच गोष्टीच्या कादंबरीसारखा, हा दुसरा.

मी वीसेक वर्षं टीव्हीसाठी क्राइमचे एपिसोड लिहितोय, दुसऱ्यांची स्क्रिप्ट दुरुस्त करायचं कामही भरपूर केलंय, त्यामुळे उत्तर त्या अंगाने देतो. समीक्षक वगैरे मी नाही. आणि ज्यांनी हा सिनेमा बघितला नाही त्यांनी इथेच थांबा, कारण पुढे सगळंच फोडणार आहे, त्याशिवाय बोलताच येणार नाही.

आधी एक गोष्ट सांगतो. तुमचा प्रॉब्लेम खुनी लवकर दाखवल्याचा नाहीये. दाखवताना वाचकाच्या हातात दुसरा प्रश्न दिला नाहीत, हा आहे. पहिल्या दोन एपिसोडमध्ये वाचक 'कोणी केलं?' हा एकच प्रश्न घेऊन चाललाय, तिसऱ्यात तुम्ही त्याचं उत्तर देऊन टाकलंत, आता त्याचे हात रिकामे. रिकाम्या हाताने माणूस घरी जाणारच. या सिनेमात 'कोणी केलं' चं उत्तर मिळायच्या आधीच दुसरा, जास्त जड प्रश्न आपल्या गळ्यात पडलेला असतो, आणि तो खुन्याबद्दल नसतोच. तो डिटेक्टिव्हबद्दल असतो.

सिनेमा आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही म्हणून थोडी माहिती देतो. 1958 चा, जर्मन भाषेतला, स्वित्झर्लंड, पश्चिम जर्मनी आणि स्पेन अशा तिघांचा मिळून. मूळ नावाचा अर्थ साधारण 'भरदिवसा घडलं'. झुरिकच्या प्रेझेन्स फिल्म कंपनीचे निर्माते लाझार वेक्सलर, त्यांना लहान मुलांवर होणाऱ्या लैंगिक गुन्ह्यांबद्दल लोकांना सावध करणारा सिनेमा हवा होता आणि त्यासाठी ते गेले फ्रिडरिश ड्युरेनमाटकडे. ड्युरेनमाट म्हणजे स्विस नाटककार. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना तो 'शांतता! कोर्ट चालू आहे' च्या निमित्ताने त्याच्या लिखाणाशी असलेल्या साम्याची जी चर्चा झाली त्यामुळे माहीत असतो, त्यात मी इथे शिरत नाही. दिग्दर्शक लादिस्लाओ वायदा, जन्माने हंगेरियन, बरंचसं काम स्पेनमध्ये. म्हणजे बघा, हंगेरियन दिग्दर्शक, स्विस लेखक, जर्मन हीरो, आणि फेरीवाल्याच्या भूमिकेत मिशेल सिमाँ, जो फ्रेंच सिनेमातला मोठा नट पण जन्म जिनिव्हाचा. अशा पंचमेळ सिनेमाला कुठलाच देश 'आमचा' म्हणून मिरवत नाही, मला वाटतं तो मागे पडायचं हेही एक कारण असावं. जर्मन बोलणाऱ्या लोकांत मात्र त्याचं नाव आजही आहे.

गोष्ट अशी. झुरिकजवळच्या एका गावाच्या जंगलात जाकिए नावाच्या फेरीवाल्याला ग्रिटली मोझर या लहान मुलीचं प्रेत दिसतं. तो घाबरून पोलिसात ओळखीचा असलेल्या माटेईला फोन करतो. माटेईची नोकरी संपत आलेली, त्याला जॉर्डनला जायचंय, बॅग भरलेली. मुलीच्या आईबापाला बातमी सांगायला कोणी तयार नाही म्हणून हा जातो, आणि तिची आई त्याच्याकडून वचन घेते की खुनी सापडेल. तो देऊन बसतो. तिकडे गाव फेरीवाल्यावर उठलेलं, माटेईचा सहकारी त्याला तासन्‌तास प्रश्न विचारून विचारून कबूल करायला लावतो आणि तो कोठडीत फास लावून घेतो. झालं, केस बंद. सगळे सुटले. फक्त माटेईला पटत नाही, निघायच्या वेळी तो जॉर्डन सोडून मागे फिरतो, आणि आता तो पोलिसही नाहीये. साधा माणूस, ज्याने एका बाईला शब्द दिलाय.

आता इथे तुम्ही थांबून विचार करा की लेखकाने काय केलंय. 'खुनी कोण' याचं एक खोटं उत्तर त्याने गोष्टीच्या सुरुवातीलाच देऊन टाकलं आणि सगळ्या व्यवस्थेने ते उत्तर स्वीकारलं. म्हणजे आता प्रश्न राहिला तो 'खुनी कोण' असा कमी आणि 'हा माणूस दिलेला शब्द पाळायला कुठवर जाईल' असा जास्त. तुमच्याही स्क्रिप्टमध्ये पहिल्या एपिसोडला इन्स्पेक्टर मुलीच्या आजीला 'मी शोधून काढेन' म्हणतो, वाचलं मी तुम्ही टाकलेल्या सारांशात. पण तो डायलॉग पुढे परत कधी येतच नाही. आपण लेखक लोक असे डायलॉग सवयीने टाकतो, पोलीस म्हटला की शोधून काढेन म्हणणारच. या सिनेमात त्या एका वाक्याची किंमत शेवटपर्यंत वसूल होते, आणि ती भलत्याच माणसाकडून वसूल होते. त्याच्याकडे येतोच.

त्याआधी चित्राबद्दल बोलू, कारण एवढा सुंदर क्लू मी तरी कुठल्या रहस्यपटात बघितला नाही. मेलेल्या मुलीने शाळेत एक चित्र काढलेलं असतं. त्यात एक राक्षसाएवढा माणूस, शेजारी छोटीशी मुलगी, एक काळी गाडी, एक शिंगंवाला प्राणी आणि काही काटेरी साळिंदरासारखे जीव. तिने मैत्रिणीला सांगितलेलंही असतं की एक राक्षस भेटतो आणि तो मला असे काटेरी छोटे प्राणी देतो. मोठी माणसं काय म्हणणार, मुलांच्या कल्पना. माटेई एकटा असं धरून चालतो की पोरीने जे पाहिलं ते काढलंय. राक्षस म्हणजे खरंच धिप्पाड माणूस. काटेरी प्राणी म्हणजे ट्रफल, बाहेरून काटेकाटे असलेली चॉकलेटं. आणि शिंगंवाला प्राणी म्हणजे आल्प्समधला रानबोकड, जो ग्राउब्युंडेन या कॅन्टनच्या (कॅन्टन म्हणजे स्वित्झर्लंडमधलं राज्य) चिन्हात आहे आणि म्हणून तिथल्या गाडीच्या नंबरप्लेटवर आहे. म्हणजे गाडी कुठली ते कळलं, आणि ती झुरिककडे येताना कुठल्या रस्त्याने येणार तेही कळलं.

क्लू लपवलेला नाही हे लक्षात घ्या. सुरुवातीपासून डोळ्यासमोर भिंतीवर टांगल्यासारखा आहे. फक्त तो मुलीच्या भाषेत आहे आणि ती भाषा समजून घ्यायला कोणी खाली वाकलं नाही. मी नव्या लेखकांना नेहमी सांगतो की क्लू कपाटामागे लपवू नका, चुकीच्या अर्थाखाली लपवा. कपाटामागचा क्लू सापडला की प्रेक्षक म्हणतो 'बरं, सापडला', चुकीच्या अर्थाखालचा सापडला की स्वतःच्या कपाळावर हात मारतो. तुमच्याकडे तुटलेली बांगडी आहे, ती चौथ्या एपिसोडमध्ये विहिरीजवळ सापडते. ती विहिरीजवळ सापडण्याऐवजी पहिल्यापासून कोणाच्या तरी हातात असती तर?

जाता जाता, कादंबरीत मुलीचा लाल झगा महत्त्वाचा आहे, खुन्याची ती खूण. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, तिथे लाल दिसणार कसा. त्यामुळे तिथे सगळा भार चेहरेपट्टीवर, त्या चित्रावर आणि चॉकलेटांवर पडतो. लिखाणातली प्रत्येक खूण पडद्यावर चालतेच असं नाही हे आपल्याला एडिटवर कळतं, यांना आधीच कळलेलं.

आता मुख्य मुद्दा. माटेईला रस्ता कळला, पण त्या रस्त्यावरून रोज किती गाड्या जातात, आणि त्याच्या हातात अधिकार नाही, माणसं नाहीत, फौजफाटा नाही. मग तो काय करतो, तर त्या रस्त्यावरचा एक पेट्रोल पंप चालवायला घेतो. गाडी कधी ना कधी पेट्रोलला थांबणारच. आणि घर सांभाळायला एक एकटी बाई ठेवतो, फ्राऊ (म्हणजे श्रीमती) हेलर, तिला एक लहान मुलगी आहे, आनेमारी, दिसायला साधारण मेलेल्या ग्रिटलीसारखी. बाईला वाटतं देवमाणूस भेटला, डोक्यावर छप्पर दिलं, पोरीला जीव लावतो. आणि हा देवमाणूस पोरीला रस्त्याच्या कडेला खेळायला बसवतो. गळाला लावलेला गांडूळ बसवावा तशी.

हा तो दुसरा प्रश्न. हे कळलं त्या क्षणापासून आपण खुन्याची वाट बघत नाही, आपण मुलीकडे बघतो. एकटी आई, 1950 च्या दशकातलं स्वित्झर्लंड (तिथे बायकांना देशपातळीवर मताचा हक्क 1971 मध्ये मिळाला, एवढ्यावरून हवा कशी होती ते ओळखा), ती नाही म्हणून कुठे जाणार? माटेईने नेमकी तीच निवडली. म्हणजे जो माणूस फेरीवाल्याला झुंडीपासून वाचवायला उभा राहिला, ज्याला गरीब माणसावर ढकललेला आळ सहन झाला नाही, तोच स्वतःच्या शब्दासाठी एका गरीब बाईची पोर वापरतोय आणि तिला विचारलेलंही नाही. त्याने शब्द दिला ग्रिटलीच्या आईला, आणि किंमत मोजायला उभी केली दुसऱ्याच आईला. भलत्याच माणसाकडून वसुली म्हणालो ती ही.

त्यामुळे जेव्हा खुनी प्रत्यक्ष दिसतो तेव्हा सस्पेन्स मरत नाही, उलट वाढतो. आपल्याला आता ठाऊक असतं की बाहेर कोण फिरतोय, आणि पंपावर पोरगी एकटी खेळतेय.

खुनी श्रॉट, भूमिका गर्ट फ्रोबेची. पुढे 1964 मध्ये बाँडचा 'गोल्डफिंगर' झाला तोच. ते काम त्याला हा सिनेमा बघूनच मिळालं असं सांगतात. आडव्या अंगाचा मोठा माणूस, पण घरी बायकोसमोर शाळकरी पोरासारखा उभा. बायको श्रीमंत, वयाने मोठी, आवाज तिचाच. तिच्यासमोर तो इतका छोटा होतो की क्षणभर कीव येते आणि कीव आल्याची लाज वाटते. मग तोच माणूस हातात बाहुली घालून मुलीसमोर बसतो, जादू दाखवतो, आणि तिथे तो खरंच आनंदी असतो. दात विचकणं नाही, पार्श्वसंगीताचा धडाका नाही. आपल्याकडे खुनी उघड झाला की लगेच त्याचा चेहरा बदलतो, एक भुवई वर जाते, काल साधा असलेला माणूस आज राक्षसासारखा हसतो. तुमचा खुनी, तो शाळेतला शिपाई, तिसऱ्या एपिसोडनंतर तसाच झालाय, रागावू नका. तो दुसऱ्या एपिसोडमध्ये जसा मुलांच्या चपला सरळ लावायचा तसाच चौथ्यातही लावू दे. आता त्या चपला बघून पोटात गोळा येईल.

आणि हीरोची निवड. माटेई झालाय हाइन्ट्स र्यूमान, जर्मन सिनेमातला लाडका विनोदी नट, बुटका, घरातल्या काकासारखा. गंमत म्हणजे 1930 मध्ये तो तीन मित्र पेट्रोल पंप चालवतात अशा गाणीबजावणीच्या सिनेमात होता, आणि इथे परत पंपावर, पण कशासाठी ते बघा. प्रेक्षकाने त्याच्यावर आधीच विश्वास टाकलेला असतो, म्हणून तो मुलीला वापरतोय हे पचायला वेळ लागतो. अशोक सराफांनी असं काही केलं तर आपल्याला कसं वाटेल, तसं.

नट या विषयावरून माझाच एक फजितीचा किस्सा. एका चॅनेलसाठी एपिसोड लिहिला होता, तिथल्या साहेबांचा हट्ट की खुनी शेवटच्या ब्रेकनंतरच कळला पाहिजे. ठीक. चार संशयित उभे केले, वेळापत्रकं जुळवली, शेवटी धक्का. खुन्याच्या कामाला थोडा नावाजलेला नट घेतला आणि पहिल्या पाऊण तासात त्याला फक्त एकदा चहाचा ट्रे घेऊन आणलं. एपिसोड लागला त्या रात्री माझी मावशी दहाव्या मिनिटाला म्हणाली, "हाच. एवढा ओळखीचा माणूस नुसता चहा द्यायला कशाला येईल?" मग उरलेला एपिसोड तिने वाटाणे सोलत बघितला. तुमचे वाचक शेवटपर्यंत अंधारात राहतील या भरवशावर सगळं उभं करू नका, ते राहत नाहीत. आता तर निम्मे लोक फोनवर कलाकारांची यादी उघडून बसतात.

मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक सीनसाठी कागदावर दोन रकाने. एकात प्रेक्षकाला या क्षणी काय माहीत आहे, दुसऱ्यात सीनमधल्या मुख्य पात्राला काय माहीत आहे. दोन्ही रकाने सारखे असले तर तो सीन नुसता माहिती देतो. पात्राला जास्त माहीत असेल तर कुतूहल. प्रेक्षकाला जास्त माहीत असेल तर धास्ती. या सिनेमाचं असं करून बघा. सुरुवातीला आपल्याला आणि माटेईला सारखंच माहीत. मग काही काळ माटेई आपल्यापुढे असतो, पंप का घेतला, बाईला का ठेवलं, आपण अंदाज करतोय. मग आपण त्याच्यापुढे जातो कारण आपण श्रॉटच्या घरी जाऊन आलो. आणि या सगळ्यात सगळ्यात मागे कोण, तर फ्राऊ हेलर आणि तिची पोर, त्यांच्या रकान्यात काहीच नाही, पूर्ण कोरा. धास्ती त्या कोऱ्या रकान्यातून येते. तुमच्या सारांशावरून मला दिसतं की तिसऱ्या एपिसोडमध्ये प्रेक्षक, इन्स्पेक्टर आणि पत्रकार मुलगी तिघांनाही एकाच सीनमध्ये खुनी कळतो. तिथेच गाडी पंक्चर. प्रेक्षकाला कळू दे, इन्स्पेक्टरला दोन एपिसोड कळू देऊ नका, आणि असं एक माणूस ठेवा ज्याला शेवटपर्यंत कळत नाही आणि ज्याचं सगळ्यात जास्त जाणार आहे.

हे सगळं परिस्थितीवर आहे हेही सांगतो, म्हणजे उद्या तुम्ही म्हणायला नको की काकांनी फॉर्म्युला दिला. तुमची गोष्ट जर खरोखर कोड्याची असेल, म्हणजे बंद बंगला, सात पाहुणे, वेळेचा हिशेब, तर खुनी लवकर दाखवणं म्हणजे आत्महत्याच, कारण तिथे वाचक कोडं सोडवायलाच आलाय. आपण बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेली माणसं, झुंजार आला की तो जिंकणार हे ठाऊक असायचं, मजा कशी जिंकतो यात. तिथेही हे शहाणपण चालणार नाही. भागांचं गणितही वेगळं. दीड तासाच्या सिनेमात माणूस खुर्चीत बसलेला असतो, सिरीजमध्ये प्रत्येक एपिसोडनंतर तो उठून जाऊ शकतो, म्हणून तुम्हाला दुसरा प्रश्न तिसऱ्या एपिसोडच्या शेवटी नाही, दुसऱ्याच्या शेवटी पेरावा लागेल. आणि पैसे कोण घालतंय यावरही आहेच, ते तुम्हाला अनुभवाने कळेल.

आता शेवट. इथे ही गोष्ट फार कमी गोष्टींना मिळतं असं भाग्य घेऊन आलीय, एकाच वर्षी तिचे दोन शेवट लोकांसमोर आले. सिनेमात सापळा यशस्वी होतो. श्रॉट जंगलात येतो, तिथे मुलगी नसते, माटेई असतो, झटापट होते, श्रॉट गोळीने मरतो. मग मुलगी येते, आणि माटेई स्वतः जखमी असताना ती बाहुली हातात चढवून तिला हसवत बसतो, मागे काय पडलंय ते तिला दिसू नये म्हणून. सापळा लावणारा माणूस खुन्याचंच खेळणं घेऊन बसलाय. वरवर सुखाचा शेवट, पण नीट बघितलं तर अंगावर येतो. निदान माझ्या येतो.

ड्युरेनमाटला मात्र हे पटलं नव्हतं. काम झाल्यावर त्याने तीच गोष्ट परत घेतली आणि 1958 मध्येच कादंबरी लिहिली, 'दास फेरश्प्रेखेन', म्हणजे वचन, आणि खाली उपशीर्षक दिलं की हे रहस्यकथेचं मृत्यूगीत आहे. त्यात माटेईचा सगळा तर्क बरोबर असतो. रस्ता बरोबर, माणूस बरोबर, चॉकलेटं बरोबर. पण खुनी यायला निघालेला असताना रस्त्यात अपघातात मरतो. येतच नाही. माटेई वाट बघत राहतो, वर्षं जातात, दारू लागते, डोकं फिरतं, पंप मोडकळीला येतो, मुलगी मोठी होऊन बिघडते. खरं काय झालं ते खूप उशिरा एक म्हातारी मरणाच्या बिछान्यावर सांगते, म्हणजे खुन्याची बायको, आणि तोवर ते ऐकून समजायला माटेई शाबूत उरलेला नाही. ही सगळी गोष्ट एक निवृत्त पोलीस अधिकारी एका रहस्यकथा लेखकाला सांगतो, जवळजवळ दम देऊन, की तुमच्या गोष्टीत हिशेब जुळतो, आमच्यात योगायोग असतो. 2001 मध्ये हॉलिवूडने जॅक निकल्सनला घेऊन 'द प्लेज' केला तो या कादंबरीवर, म्हणून त्याचा शेवट तसा उदास.

आता तुम्ही कुठला घ्यायचा? मी एकदा कादंबरीसारखा घेतलाय आणि तोंडावर आपटलोय. एक तासाभराची टेलिफिल्म होती, आधीचा पाऊण तास मी प्रेक्षकाला क्लू वेचायला लावले, तारखा लक्षात ठेवायला लावल्या, आणि शेवटी म्हटलं की आयुष्यात असं काही जुळत नाही बरं का. लोक चिडले. बरोबरच चिडले. कोड्याचं आमिष दाखवून तत्त्वज्ञान वाढलं तर माणूस ताट फेकणारच. ड्युरेनमाट ते करू शकला कारण त्याने पहिल्या प्रकरणातच तो मोडका पंप आणि तो बरळणारा म्हातारा दाखवला. आपण वाचायला बसतानाच ठाऊक असतं की हा माणूस हरलाय, फक्त कसा ते वाचायचं. म्हणजे तिथेसुद्धा तोच खेळ, उत्तर आधी दिलं आणि प्रश्न बदलला.

म्हणून माझा सल्ला असा की शेवट निवडायच्या आधी पहिला एपिसोड काढून बघा, तिथे तुम्ही वाचकाला नक्की काय कबूल केलंय. खुनी सापडेल असं कबूल केलं असेल तर सापडू दे, आणि सापडण्याची किंमत दाखवा, जशी सिनेमाने त्या बाहुलीतून दाखवली. एक माणूस झिजेल असं कबूल केलं असेल तर खुनी नाही सापडला तरी चालेल. तुमच्या सारांशावरून तरी मला पहिलं वाटतं. सिनेमाचा शेवट भाबडा म्हणून हिणवायची फॅशन आहे, कादंबरीवाले तर फारच हिणवतात, मला ते तितकंसं पटत नाही. मुलांबद्दल आईबापांना सावध करायला काढलेल्या सिनेमात शेवटी मुलगी वाचणं ही काही लबाडी नव्हे.

एक किस्सा आणि थांबतो, कारण तुमच्या चौथ्या एपिसोडशी त्याचा संबंध आहे. आमच्याकडे एका एपिसोडला सहा वर्षांची मुलगी होती. सीन असा की ती एसटी स्टँडवर एकटी बसलीय आणि एक माणूस तिला गोळ्या देतो. दिग्दर्शक चांगला, त्याने तिला सांगितलं हे काका जादू करतात, तू हस. ती अगदी खरं हसली. सगळे मॉनिटरमागे वा वा करत होते. तिची आई खुर्ची फिरवून पाठ करून बसली होती. मी विचारलं, बघत नाही का? ती म्हणाली, "तिला नाही माहीत, मला माहीतय ना." मी त्या रात्री घरी जाऊन स्क्रिप्टमध्ये आईचा एक सीन वाढवला, जो आधी नव्हताच, आणि पूर्ण एपिसोडमध्ये लोकांना तोच लक्षात राहिला. फ्राऊ हेलरला खरं कळतं तेव्हाचा तिचा संताप बघताना मला ती पाठमोरी खुर्ची आठवते.

तुमच्या चौथ्या एपिसोडमध्ये इन्स्पेक्टर मेलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणीला त्याच पायवाटेने शाळेत पाठवतो, 'खुनी बाहेर यावा म्हणून', आणि तुम्ही ते दोन ओळींत उरकलंय. अहो तीच तर तुमची सिरीज आहे. ते दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी आणा, तिच्या घरच्यांना न सांगता आणा, आणि मग तिसऱ्यात शिपाई खुशाल दाखवा. आईला कळायचा सीन कुठे ठेवायचा ते दोन रकाने भरल्यावर तुम्हालाच दिसेल. भरून झाले की इथेच टाका, मी बघतो.